उतारावरची लाल गाडी

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत माझ्या तोडीचा गुप्तहेर नाही. दुसरा गुप्तहेरच नाही, असं माझा सहाय्यक धाऊ म्हणतो. पण मत्सराला औषध नसतं. माझी नजर घारीची, बुद्धी तल्लख आणि स्कूटर कायम उतारावर, तोंड रस्त्याकडे करून. गुन्हेगाराच्या मागे कधी सुटावं लागेल याचा नेम नसतो.

२००४ सालच्या पौषात डोळखांबचा रूपेश आला. किन्हवलीच्या कोंडूशेठची जुनी स्पोर्ट्स गाडी त्याच्या मनात भरली होती आणि तिच्यासाठी तो म्हसा गावच्या जत्रेत घरची बैलजोडी विकणार होता.

"गाडी खराब निघाली तर बैल पण गेले नि गाडी पण," तो म्हणाला. "आई घरात घ्यायची नाय. तुमी बघून सांगा, साईनाथभाऊ."

रूपेश आणि त्याची आई गोजाबाई एस्टीने किन्हवलीला आले, आम्ही स्कूटरने. गाडी लालभडक, दोन दारांची. सायलेन्सर एवढा जाड की कोंबडीने आत बिनघोर अंडं घालावं. अंगण सपाट आणि रिकामं, पण गाडी मात्र बाजूच्या उतारावर, चाकाला दगड लावून. तिने उतार अडवल्यामुळे मला स्कूटर नाइलाजाने अंगणात लावावी लागली.

"गाडी उतारावर का?" मी पुटपुटलो. धाऊने तोंड उघडलं, तेव्हा मी त्याला गप्प केलं. सहाय्यकाने ऐकायचं असतं.

पहिला निष्कर्ष: गाडी चोरीची, पोलीस आले की सटकायला उतार बरा. भिंगातून नंबरप्लेट तपासली. चिखल सापडला. मग दुसरा निष्कर्ष: वास्तुशास्त्राने उतार शुभ; कोंडूशेठच्या कपाळाला गंध होतं, आणखी काय पुरावा हवा? तेवढ्यात सीटवर लाल डाग दिसला. खून!

धाऊने वास घेतला. "शेजवान चटणी हाय."

"रक्त लपवायला सांडली असणार," मी म्हणालो. पण मेलेला माणूस काही सापडेना, तेव्हा मी मोठ्या मनाने निकाल दिला, "गाडी निर्दोष. बैल विकायला हरकत नाही."

रूपेश खुलला. गोजाबाई मात्र गाडीत बसेना.

"उतारावर माझं पोट ढवळतं. सपाटीला आणा, मग बसते."

"मावशे, मजा उतारावरच येते," कोंडूशेठ म्हणाला.

"मजा राहू दे."

कोंडूशेठ आत बसला, दगड निघाला. गाडी घरंगळली, धडाडून चालू झाली आणि वळसा घेऊन अंगणात आली. मी श्रेय घ्यायला पुढे झालो.

"आता बंद कर बाबा," गोजाबाई म्हणाली. "धुरानं डोळे चुरचुरतात."

"चालूच राहू दे की."

"मग नाय बसत."

कोंडूशेठने जड हाताने किल्ली फिरवली. गोजाबाई ऐसपैस बसली, पदर सावरला. "चल आता."

किल्ली फिरली. टक्. पुन्हा टक्. मग तेही बंद झालं.

"थंडीने होतं," कोंडूशेठ म्हणाला. आम्ही सगळे घामाने निथळत होतो. "जरा मागून हात लावा."

गोजाबाई उतरली. "बैलांना मागून ढकलावं नाय लागत. चल रे रूपेश, वैरण घालायची हाय."

रूपेशने लाल गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आईमागे निघाला. त्याचे बैल वाचले होते आणि तेही माझ्या निकालाच्या तावडीतून, हे मला कबूल करवत नाही.

"माझा चौथा निष्कर्ष हाच होता," मी सांगितलं. कुणी ऐकलं नाही. तेव्हा तडक निघून जावं म्हणून मी स्कूटरवर बसलो आणि किक मारली. आणखी एक मारली. धाऊ सवयीने मागे जाऊन उभा राहिला.

फाटकापाशी गोजाबाई थांबली. "उतारावर ने रे तिला," ती धाऊला म्हणाली. "जागा आता रिकामी हाय."