कॉफी प्या, ट्रकचं नंतर बघू

फलाहला इंजिनातलं सगळं कळत होतं. निदान तो तसं रोज सांगत तरी होता. "डिझेल इंजिन खोटं बोलत नाही! नुसता आवाज ऐकून सांगतो, कुठे दुखतंय ते!" त्यामुळे पलीकडच्या वस्तीतल्या अबू मिजहिमचा वीस वर्षं वापरलेला पाण्याचा ट्रक त्याने घेतला, तेव्हा जॉर्डनमधल्या मफ्रकच्या अख्ख्या माळावर त्याच्याइतका खूश माणूस नव्हता. घरी आणल्या आणल्या त्याने ट्रक आतून-बाहेरून झाडला, पुसला आणि दृष्ट लागू नये म्हणून आरशाला निळा मणी बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली. घर्रर्र, घर्रर्र, घर्रर्र! स्टार्टर बिचारा जीव तोडून फिरत होता, पण इंजिन काही पेट घेईना.

"काय सांगतोय आवाज?" शेजारच्या हाजी सुवैलिमने विचारलं.

"पाइपात हवा धरली आहे."

हवा काढली. घर्रर्र! मग आवाजाने फिल्टर सांगितला. फिल्टर बदलला. घर्रर्र! मग आवाजाने हीटर प्लग सांगितले, ते खोलून घासूनपुसून परत बसवले. दुपारपर्यंत डिझेल टाकीत कमी आणि फलाहच्या अंगावर जास्त होतं!

तिकडे साठ मेंढ्या कोरड्या कुंडाभोवती उभ्या राहून ओरडत होत्या. विहीर वीस किलोमीटरवर, आणि वस्तीत पाण्याचा दुसरा ट्रक नाही. आज पाणी आलं नाही तर मेंढ्या आडव्या व्हायला लागल्या असत्या.

"अरे, अबू मिजहिमला विचार की!" आई म्हणाली.

"मी विचारू? तो म्हणेल, चालवता येत नव्हता तर नेलास कशाला!"

"मग मेंढ्यांना इंजिनाचा आवाज ऐकव. तोच पितील!"

फोन करण्यात अर्थ नव्हता, कारण अबू मिजहिम फोनवर बोलत नसे, नुसता ओरडत असे. शेवटी जायचं ठरलं. "एकटा गेलास तर दारातूनच हाकलेल," म्हणत हाजी सुवैलिम निघाला आणि येताना तीन पांढऱ्या दाढ्या गोळा करून आला. आईने फलाहला रगडून आंघोळ घातली, नवा अंगरखा चढवला, डिझेलचा वास जाईना म्हणून वर अर्धी बाटली अत्तर ओतलं आणि रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून मिठाईचा डबा दिला.

अबू मिजहिमने सगळ्यांना गाद्यांवर बसवलं. कॉफी आली. हाजी सुवैलिमने आयुष्यभर लोकांची भांडणं मिटवली होती, सोयरिकी जुळवल्या होत्या. त्याला साधं विचारणं जमतच नसे! त्याने पेला ओठांना न लावता समोर ठेवला आणि घसा खाकरला. "अबू मिजहिम, आमचं एक मागणं आहे. ते पुरं झाल्याशिवाय ही कॉफी प्यायची नाही."

"हाजी, नुसतं ट्रकचं विचारायचंय हो!" फलाह कानात कुजबुजला.

"गप रे! मागणं मागण्यासारखं मागावं."

अबू मिजहिमने चार दाढ्या पाहिल्या. मिठाईचा डबा पाहिला. अत्तरात भिजलेला फलाह पाहिला. त्या खडूस माणसाचे डोळे चक्क पाणावले! "एक मिनिट," म्हणत तो आत गेला आणि हसत बाहेर आला.

"प्या कॉफी! ज्यासाठी आलात ते दिलं! वदहाला विचारलं, ती हो म्हणते!"

आतून बायकांच्या आनंदाच्या आरोळ्या उठल्या. हाजीचा पेला हवेतच थांबला. कॉफी न पिता मागणं घालतात ते मुलीसाठी, हे त्याला आत्ता आठवलं!

"वदहा कोण?" त्याने हळूच विचारलं.

"त्यांची मुलगी."

"आणि तुला रे कसं माहीत?"

फलाहचे कान लाल झाले. ट्रक बघायला तो तीनदा इथे आला होता आणि तिन्ही वेळा ट्रक वदहाच चालवत होती. खरं सांगायचं तर ट्रककडे त्याचं फारसं लक्षच गेलं नव्हतं. आता त्याला इतका आनंद झाला की काय करावं कळेना. पण मेंढ्या? मुलगी मिळाल्यावर लगेच 'तुमचा ट्रक बंद पडलाय' कोणत्या तोंडाने म्हणायचं? आणि 'आम्ही मुलीसाठी आलोच नव्हतो' म्हटलं असतं तर दोन्ही वस्त्या दोन पिढ्या बोलल्या नसत्या! सोयरीक पक्की झाली म्हणून सगळ्यांनी हात वर करून फातिहाची प्रार्थना म्हटली. फलाहचे हात वर होते, जीव कोरड्या कुंडात होता.

तेवढ्यात वदहा चहा घेऊन आली. त्याच्यापुढे तबक धरून हळूच म्हणाली, "सीटखाली झाडलंस का?"

"हो."

"तिथे डावीकडे एक बटण आहे. चोरांनी ट्रक पळवू नये म्हणून मीच बसवून घेतलं होतं, बाबांच्या लक्षातही नाही. ते बंद झालं की इंजिनाला डिझेल जात नाही. झाडताना धक्का लागला असेल."

"पण ट्रक बंद आहे हे तुला कोणी सांगितलं?"

"अत्तराखालून डिझेलचा वास मारतोय. दारापर्यंत!"

"म्हणजे आम्ही कशासाठी आलो ते तुला कळलं होतं! मग वडिलांना सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी ट्रकचं विचारलंच नाही," वदहा म्हणाली. "त्यांनी विचारलं, हो की नाही. मी हो म्हटलं. साखर किती?"

घरी येऊन फलाहने बटण दाबलं. ट्रक पहिल्याच किल्लीला सुरू झाला! दिवस मावळायच्या आत विहिरीवरून पाणी आणून कुंड भरलं, मेंढ्यांनी त्यात माना घातल्या आणि आवाज थांबला.

"काय रे, एवढं काय निघालं?" आईने विचारलं.

"काही विशेष नाही. एक बटण बंद होतं," फलाह चपलांकडे बघत म्हणाला. "आणि आई, पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे."