तापकीरकाका आणि अडीच इंचाची डिस्क

शेजारच्या तापकीरकाकांनी माझ्या बायकोने वाढलेली भाकरी व्हर्नियरने मोजली, तेव्हा आम्हाला दिघीत राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. व्हर्नियर म्हणजे कारखान्यात जाडी मोजायचं स्टीलचं हत्यार. काकांच्या सदऱ्याच्या खिशातून ते कायम डोकावत असायचं. कडेला तीन मिलिमीटर, मधे पाच. "मापात न्हाई," काका म्हणाले, आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या.

काका मूळचे राजगुरुनगरकडचे. चाकणच्या एका कंपनीत सगळी हयात त्यांनी क्वालिटीत काढली, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या मालात खोट काढायचा पगार घेतला. निवृत्तीनंतर पगार थांबला, काम थांबलं नाही. सोसायटीच्या जिन्याची सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे, यावर त्यांनी सेक्रेटरींना इतकी पत्रं लिहिली, की पहिल्या मजल्यावर राहणारे सेक्रेटरी लिफ्टने जाऊ लागले.

ही पत्रं ज्या कॉम्प्युटरवर लिहिली जात, तो सुरू व्हायला काकांची अंघोळ, पूजा आणि चहा, एवढा वेळ घ्यायचा. एसएसडी, म्हणजे नव्या जातीची डिस्क, बसवा, म्हणून मी वर्षभर मागे लागलो होतो. जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते, यात काहीच फिरत नाही, म्हणून हा झटपट चालतो, असं मी समजावलं. जे फिरतच नाही ते चालेल कसं, हा काकांचा मुद्दा. शेवटी जुनी डिस्क कुरकुर करायला लागली, तेव्हा ते नमले. मी एक लहानसा एसएसडी आणून दिला.

रविवारी सकाळी आम्ही कॉम्प्युटरची पेटी उघडली. एसएसडी अडीच इंचाचा, आतला खण साडेतीन इंचाचा. काकांचा चेहरा उजळला. खोट सापडली होती. हे तर लोक टेपनेसुद्धा चिकटवतात, असं मी बोलून गेलो. चाकणमधून निघणाऱ्या सगळ्या गाड्या मीच टेपने चिकटवतो, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या कापणं, कानशीनं घासणं, भोकं पाडणं, यात पुढचा रविवार उजाडला. पण पट्ट्या अशा बसल्या, की चारही स्क्रू नुसत्या बोटांनी आत गेले. "चालंल," काका म्हणाले. कंपनीत एवढं कौतुक त्यांनी कुणाचंच केलं नव्हतं म्हणे.

नव्या डिस्कवर कॉम्प्युटर पंधरा सेकंदांत सुरू झाला. काका टॉवेल घेऊन उठले होते, ते पुन्हा बसले. एवढ्या घाईत काहीतरी तपासायचं राहत असणार, असं त्यांचं मत पडलं.

आता जुन्या डिस्कवरचं सामान हलवायचं होतं. ती कधीही बंद पडली असती, आणि नव्यात सगळं मावत नव्हतं. काका गाळायला बसले. कंपनीचे रिपोर्ट रिजेक्ट. भाच्यांच्या लग्नांचे फोटो रिजेक्ट. मग एक फोल्डर आला: 'सुमन'. काकांनी माउस माझ्याकडे सरकवला, म्हणून मीच उघडला.

आत एक व्हिडिओ होता. खालच्या पार्किंगमध्ये काकू स्कूटर शिकत होत्या. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आम्ही इथं यायच्या आदल्या वर्षीच त्या गेल्या. कॅमेरा हलत होता आणि मागून काकांचा आवाज अखंड चालू होता. पाय आत घे, आरसा बघ, तोल चुकतोय, ब्रेक कुठं हाय. काकू खांबाला अलगद टेकल्या आणि हसत सुटल्या. त्या हसण्यावरही काका हँडल सरळ धरायला सांगतच होते.

व्हिडिओ संपला.

"ह्यातला माझा आवाज काढता येईल का रं?" काकांनी हळूच विचारलं. "नुसतं तिचं हसणं ऱ्हावं."

मी दोन-तीनदा मागे-पुढे करून ऐकलं. दोघांचे आवाज एकमेकांत पार मिसळले होते. एक काढायला गेलो तर दुसराही जाईल, मला नाही जमणार, असं मी सांगितलं. काकांनी मान हलवली. माउस माझ्या हातातून घेतला, तो फोल्डर स्वतः नव्या डिस्कवर टाकला आणि पूर्ण पोचेपर्यंत जागचे हलले नाहीत.

मी चपला घालून दार ओढून घेतलं. आतून व्हिडिओ पुन्हा सुरू झालेला ऐकू आला. आधी रागावणारे काका, आणि मग काकूंचं हसणं.