ललितच्या नावाची मूठ

पेढ्यांचा दुसरा खोका फोडत असतानाच चुडामण नानांचा फोन वाजला. पोरगा ललित कॅनडाला निघाला होता. सकाळीच अर्धं पिंप्राळा त्याला जळगाव स्टेशनवर सोडून आलं होतं. गळ्यात हार इतके पडले की डब्यात चढताना त्याला पायरी दिसेना. आता अंगणात भाऊबंद बसले होते, आणि त्यांच्या देखत नानांनी ऐटीत फोन कानाला लावला.

"बोल रे! कुठपर्यंत गया?"

"नाना, मी चाळीसगावला उतरलोय. एजंटचा फोन आला. मुंबईत पासपोर्ट हातात देतो म्हणाला होता ना, तो व्हिसा होऊन आलाच नाही अजून. महिना-दोन महिने लागतील म्हणतो. परत येऊ का?"

समोर भाऊबंदकीतले सगळ्यांत वडीलधारे भिकन आबा तोंडात पेढा धरून ऐकत होते.

"हां, हां! एसी चांगला शे ना गाडीमा? छान, छान!" असं ओरडत नाना फोनसकट मोरीत शिरले आणि दार लावून दबक्या आवाजात म्हणाले, "परत येशी तर याद ठेव! चौकमा फ्लेक्स लागेल शे. लोकेसले काय सांगू मी? तू कॅनडामाच शे, समजनं का? गपचूप धुळ्याले मावशीकडे जाय."

नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. फलाटाला गाडी लागल्याशिवाय त्यांनी उभ्या नोकरीत कधी घोषणा केली नव्हती. पण 'व्हिसा आलाच समजा' एवढ्या शब्दावर त्यांनी पोराची घोषणा करून टाकली, तीही रंगीत. चौकातल्या फ्लेक्सवर गॉगल लावलेला ललित, मागे विमान, खाली बर्फाचे डोंगर आणि शुभेच्छुक म्हणून झाडून सगळे भाऊबंद. त्यात आबांचा फोटो सर्वांत मोठा, जवळजवळ विमानाएवढा.

तेव्हापासून नानांची झोप उडाली. दूध आणायला ते चौक टाळून मागच्या गल्लीने जाऊ लागले. पावसात फ्लेक्स फाटेल अशी त्यांना आशा होती, पण मेला चांगल्या मालाचा निघाला. रस्त्यात कुणी "कसा शे ललित?" म्हणून विचारलं की त्यांना घाम फुटायचा. पोराचं कॅनडाचं काय होईल या चिंतेला तर त्यांना सवडच मिळेना.

एके दिवशी आबा घरी येऊन बसले. "लाव बरं व्हिडिओ कॉल. पोऱ्याले पाहू दे."

नाइलाज झाला. धुळ्याला तानुबाई मावशीने घाईघाईने ललितला स्वेटर चढवला आणि मागे भिंतीला पांढरी चादर लावली.

"बर्फ दाखव ना भो," आबा म्हणाले.

"आबा, इकडे सध्या उन्हाळा आहे."

"मंग स्वेटर काबरं घाल्या?"

ललितच्या कपाळावरून घाम ओघळला. तेवढ्यात चादरीमागून कोंबडा आरवला, आणि पाठोपाठ रस्त्यावरून "भंगारऽऽऽ लोखंड, रद्दीऽऽऽ" अशी खणखणीत आरोळी आली. नानांनी डोळे मिटून घेतले.

"इकडे आपले लोक पुष्कळ आहेत," ललित कसाबसा म्हणाला.

"चांगलं शे," आबा म्हणाले. "करमी जाई तुले."

श्रावणात कानबाई देवीचा सण आला. सगळ्या भाऊबंदकीची कानबाई दरवर्षी नानांच्याच घरी बसायची. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी, म्हणजे जाड पोळ्यांसाठी, गहू घेताना घरात हजर असलेल्या एकेका माणसाच्या नावाने एकेक मूठ घेतात, आणि ते रोट भाऊबंदांनीच संपवायचे असतात, बाहेरच्याला त्यातला घासही देत नाहीत. ललितची आई झुंबरबाई सुपापुढे बसली. एक मूठ नानांची. एक स्वतःची. मग तिने तिसरी मूठ भरली.

"ही कोन्हा नावनी?" आबांनी विचारलं.

"ललितनी."

नाना पुढे सरसावले. "चुकनी ती. सवय शे ना इतल्या वर्षांनी..."

"चुकनी नही," झुंबरबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण हात हलला नाही. "दोन महिने बठ्ठा लोकेसशी खोटं बोलनू तुमनाकरता. कानबाईपुढे खोटं नही चालस. घरमा जितला माणसं, तितल्या मुठी."

नानांना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. कारण रोटांसाठी म्हणून ललित आदल्याच दिवशी तोंडाला रुमाल बांधून धुळ्याहून आला होता, आणि या घडीला गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसला होता. सगळ्या आयुष्याची अब्रू त्या सुपात पडलेली नानांना दिसत होती.

आबांनी शांतपणे सुपारी कातरली. "मंग उतारा आते त्याले गच्चीवरथून. भूक लागनी व्हई."

"तुम्हाले... माहीत व्हतं?"

"आरे, बठ्ठासले माहीत शे. कॅनडामा भंगारवाला ऱ्हास का?"

"मंग बोलनात का नही?"

"कसा बोलू?" आबा चिडून म्हणाले. "त्या फ्लेक्सवर मन्हा फोटो तुन्हा पोऱ्याथून मोठा शे!"

त्या दिवशी ललितने सगळ्यांच्या पंगतीत बसून रोट खाल्ले.

पुढे दिवाळीनंतर व्हिसा खरोखर आला. नानांनी चारचौघांत सांगून पाहिलं, तर लोक समजूतदारपणे हसले. "धुळ्यानी बस वेळवर शे ना, नाना?" या वेळी स्टेशनवर हार नव्हते, पेढे नव्हते. आईबाप दोघंच होते. गाडी हलली तरी नाना "पासपोर्ट घेतला ना?" एवढंच विचारत राहिले आणि पोराच्या पाठीवर हात ठेवायचा राहून गेला. विमानात बसलेल्या ललितचा फोटो फोनवर आला तेव्हा झुंबरबाईने तो पदराने पुसला आणि म्हणाली, "गया मन्हा पोऱ्या."

पुन्हा श्रावण आला. पुन्हा भाऊबंद जमले, पुन्हा झुंबरबाई सुपापुढे बसली. एक मूठ नानांची. एक स्वतःची. आणि तिसरी मूठ भरून ती थांबली.

"झुंबरबाई," आबा हळूच म्हणाले, "ललित आते कॅनडामा शे. आते खरंच शे."

"मागल्या साले बी तुम्ही बठ्ठा हाईच सांगत व्हतात," ती म्हणाली, आणि मूठ तशीच धरून जिन्याकडे बघत राहिली.

कुणी हसलं नाही. नाना उठले. गुडघे धरत धरत जिना चढून गच्चीवर गेले, टाकीच्या मागे डोकावले. तिथे एक जुनी बादली होती आणि दोरीवरून पडलेला टॉवेल होता. तो उचलून ते खाली आले आणि बायकोच्या शेजारी बसले.

"टाक," ते म्हणाले.