आत्याचं कलम

कायदा कोण करतं असं विचारलं की लोक मंत्र्यांकडे बोट दाखवतात. साफ चूक! मंत्री हात वर करतात, कायदा आम्ही लिहितो. आम्ही म्हणजे विधी खात्यात तिसऱ्या मजल्यावर, वाहत्या नळाशेजारच्या खोलीत बसणारे मसुदाकार. नव्या सायबर कायद्यातलं 'दुसऱ्याची ओळख चोरणे' हे कलम ज्यानं लिहिलं, तो मी. सांगताना ऊर भरून येतो.

जुन्या मसुद्यात 'लबाडीच्या हेतूने' असे दोन शब्द होते. त्यांच्यावर माझा दात होता. प्रत्येक चोर कोर्टात हेच म्हणणार, की साहेब, माझा हेतू चांगला होता. मी दोन्ही शब्द उडवले आणि लिहिलं, 'जो कोणी दुसऱ्याच्या नावाने संदेश पाठवील त्यास, हेतू काहीही असो, तीन वर्षांपर्यंत कैद.' साहेब वाचून "वा" म्हणाले. आमच्या साहेबांच्या तोंडून 'वा' काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं.

आणि त्याच आठवड्यात माझ्या मावसभावाचा फोन आला. माझा नवा नंबर त्यानं कुठूनतरी मिळवला होता.

"दादा, तुझे उपकार कसे फेडू? तू समजूत घातलीस म्हणून ही माहेरून परत आली."

मी त्याच्या लग्नानंतर त्याच्याशी अक्षर बोललो नव्हतो. दुसऱ्या दिवशी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गाठलं. "यांच्या आजारपणात तुम्ही रोज फोनवर निरोप पाठवून चौकशी करता, कोण करतं हो एवढं?" जिन्यात कुणी भेटलं की चपलांकडे बघत सटकणारा माणूस मी! मी कुठली चौकशी करतोय?

माझ्या लक्षात आलं. माझी ओळख चोरीला गेली होती. दुसरा कुणी घाबरला असता, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. कलम लिहिणाराच त्या गुन्ह्याचा बळी! साहेबांना सांगितलं, तर तेही खूश. "सोमवारी मसुदा तपासणाऱ्या समितीपुढे हे तुम्हीच मांडा. कलम जसंच्या तसं मंजूर होईल."

मावसभावाकडून ते निरोप मागवले. 'बायको रुसली तर आधी तिचं ऐकून घे, मग स्वतःचं सांग' असलं मायेचं लिखाण होतं. इतकं गोड लिहिणारा माणूस मुरलेला गुन्हेगारच असणार. मी निरोप आणि ते ज्यावरून आले तो नंबर, आकड्यांकडे नजरही न टाकता, सायबर पोलिसांकडे दिले, सोबत माझ्या कलमाची प्रतही जोडली. त्यांनाही कळू दे, तक्रारदार कोण आहे ते.

रविवारी साध्या कपड्यातला अधिकारी घरी आला. आत्यानं त्याला चहा दिला. ही माझी सख्खी आत्या. आई गेल्यावर मला हिनंच वाढवलं, तेही टेलिफोन एक्सचेंजमधली ऑपरेटरची नोकरी सांभाळून. आता निवृत्त होऊन आमच्याकडेच असते.

"नंबर कुणाचा ते सापडलं," अधिकारी म्हणाला.

"कुणाचा?"

"तुमचा."

मी हसलो. तो हसला नाही.

"तुमचा जुना नंबर. अजून तुमच्याच नावावर चालू आहे. तक्रारदार तुम्ही, आरोपीही तुम्ही. आमची धावपळ वाचली."

तेवढ्यात स्वयंपाकघरात टिंग वाजलं. ओळखीचं टिंग होतं. नातेवाईक छळू नयेत म्हणून मी नवा फोन, नवा नंबर घेतला होता आणि तो फक्त साहेबांना दिला होता. जुना फोन माझ्याच हातानं आत्याला दिला होता, माझ्या फोटोसकट!

आत्या चष्मा लावत बाहेर आली. "थांबा हं, एकाला उत्तर द्यायचंय."

"आत्या, तू माझ्या नावानं उत्तरं देतेस?"

"ते तुला विचारतात, तू देत नाहीस, म्हणून मी देते. मी जन्मभर एक्सचेंजमध्ये काढला. वाजणारी लाइन तशीच वाजत ठेवायची नसते."

अधिकाऱ्यानं माझ्या कलमाची प्रत काढली. "तुमच्या लिहिण्याप्रमाणे यांना तीन वर्षं तुरुंग होतो. पण कायदा अजून व्हायचाय. झाला की परत येऊ का?"

"तिथे रेंज असते का?" आत्यानं विचारलं.

तिला थट्टा वाटत होती. कलम मंजूर झालं तर ज्या बाईनं मला लहानाचं मोठं केलं ती गुन्हेगार ठरणार होती, आणि तेही माझ्या अक्षरात! कलम पाडायचं, तर साहेबांसमोर आपलं नाक आपणच कापायचं. रात्रभर कूस बदलली आणि ठरवलं, नाक गेलं तरी चालेल.

सोमवारी समिती बसली. अध्यक्षबाई नुसत्या खाकरल्या तरी लोक फायली सरळ करतात. मी उभा राहिलो.

"बाई, या कलमात हेतूचा..."

"बसा. तुमचं मत मला कळलंय."

"माझं?"

"शुक्रवारी मी तुम्हाला विचारलं होतं ना, हेतू अजिबात बघूच नये का? नंबर खात्याच्या जुन्या यादीत मिळाला. तुमचं उत्तर सगळ्यांना वाचून दाखवते." बाईंनी फोन डोळ्यांजवळ धरला. "'बाई, अवेळी फोन कुणी त्रास द्यायला करतो, कुणी काळजी वाटून करतो. घंटी सारखीच वाजते. का केला ते ऐकावं आणि मग ठरवावं. जेवलात का?'"

खोलीत हशा पिकला. बाईसुद्धा हसल्या.

"स्वतःचं लिहिलेलं स्वतः खोडायला मोठं मन लागतं," त्या म्हणाल्या. टाळ्या झाल्या. साहेब "वा" म्हणाले. 'लबाडीच्या हेतूने' हे शब्द पुन्हा जागेवर बसले. आत्या सुटली!

हे उत्तर माझं नाही, असं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण टाळ्या कधी नव्हे त्या माझ्यासाठी वाजत होत्या. मी नम्रपणे मान लववली. परत आलेल्या त्या दोन शब्दांत बसेल असा त्या खोलीत एकच माणूस होता, आणि तो मान लववून उभा होता.

संध्याकाळी छाती पुढे काढून घरात शिरलो. "आत्या, कलम बदललं! मी बदलून घेतलं!"

"कळलं. त्या बाईंचा निरोप आला होता, तुमचं वाक्य तुमच्या नावानं अहवालात घालतोय म्हणून. उत्तर दिलंय मी."

मी फोन ओढून घेतला. माझ्या फोटोखाली लिहिलं होतं, 'बाई, आभार. पण खरं सांगतो, ते वाक्य माझ्या आत्याचं आहे. तिथेच सांगायचं होतं, धीर झाला नाही.'

त्याखाली बाईंचं उत्तर होतं. 'इतका प्रामाणिक माणूस मी या खात्यात पाहिला नाही.'

आता खात्यात माझं नाव आदरानं घेतात. प्रामाणिकपणाचा विषय निघाला की साहेब माझ्याकडे बोट दाखवतात, आणि खरं सांगू, मला अभिमान वाटतो. हे नाव टिकवायची जबाबदारी मोठी आहे, म्हणून तो फोन मी आत्याकडेच राहू दिलाय.