आधी पाणी

शेजारचे भिकानाना आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी कोणाला नमस्कार केला नाही. सरळ स्वयंपाकघरात गेले, फ्रिजच्या कुशीला उलटा हात लावला आणि म्हणाले, "याला कणकण आहे."

आमचे हे पेपर वाचत होते. म्हणाले, "नाना, तो फ्रिज आहे. तो गारच असतो."

"आतून गार, बाहेरून ताप. माणसांतही असतात असे," नाना म्हणाले. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, मागची जळमटं काढली आणि चहा न घेता गेले. फ्रिजची घरघर त्या दिवशी थांबली ती थांबलीच.

पंचवटीत आमच्या गल्लीत नानांना ओळखत नाही असं यंत्र नाही. जन्मभर बसगाड्यांची इंजिनं दुरुस्त करून ते निवृत्त झाले, पण त्यांचा हात काही निवृत्त झाला नाही. रिक्षा उभी राहिली की तिच्या पाठीला हात. मिक्सर, पाण्याची मोटर, लग्नाच्या वरातीतला जनरेटर, सगळ्यांचा ताप बघून झालाय. एकदा भाजीबाजारात कोथिंबिरीवरून भांडणाऱ्या एका गृहस्थाच्या कपाळालाही हात लावला. तो इतका चकित झाला की कोथिंबीर तिथेच विसरून गेला.

"तापलेल्याशी वाद घालू नये. आधी पाणी द्यावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कोणाच्या घरात नवरा-बायकोचा आवाज चढला की नाना दारात पाण्याचा तांब्या ठेवतात, कडी वाजवतात आणि पळतात. आमच्या दारातही दोनदा ठेवलाय. दुसऱ्या वेळी तर आम्ही भांडतही नव्हतो, टीव्हीवरची सासू भांडत होती.

स्वतः मात्र ते कोणाच्या घरचं पाणी घेत नाहीत. ऐन मे महिन्यातही विचारलं तर एकच उत्तर, "मी प्यायलोय."

मी नानांशी कधी बोलत नसे. समोर आले की मान खाली घालून आत जायचं, एवढंच. पण सोपानमुळे बोलावं लागलं.

सोपान माझा धाकटा भाऊ, सायखेड्याचा. धरणावर येणाऱ्या लोकांना तो बोटीतून फिरवतो. बोट जुनी, मुंबईकडून आणलेली. तिचं इंजिन आत असतं आणि मागून एक पाय पाण्यात उतरतो. त्या पायालाच पंखा. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं आणि तो पाय खडकावर आपटून मोडला. तसाच दुसरा मिळेना, म्हणून सोपानने वेगळ्या जातीचा पाय आणला आणि बोटीला जोडणारी मधली पट्टी बदलून बसवला. बोट काठावर ठेवून, पायाला नळाची नळी लावून इंजिन चालवलं तर एकदम गार. धरणात उतरवलं की पाच मिनिटांत तापमानाचा काटा लाल.

"अक्का, काठावर गार राहतंय आन पाण्यात तापतंय. असं कुठं असतंय का?" सोपान रडकुंडीला आला होता. "रविवारपर्यंत बोट पळाली नाय तर काठावरची माझी जागा दुसऱ्याला देणारेत."

मी नानांच्या दारात गेले. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं, सगळं विसरले. एवढंच म्हणाले, "नाना, सोपानच्या इंजिनाला ताप आहे."

नानांनी चपला घातल्यासुद्धा.

शनिवारी धरणावर मीही गेले, डबा घेऊन. नाना बोटीत शिरले आणि वैद्य नाडी बघतो तशी एकेका नळीला बोटं लावत बसले. सोपान सांगत होता, "नाना, पायाला खाली भोकं हायेत. तिथून तो पाणी ओढतो."

"तोंड आहे म्हणून माणूस जेवलाय असं नसतं रे," नाना म्हणाले.

पण पुढे त्यांचंही अडलं. दोनदा इंजिन चालू केलं, दोनदा तापलं. शेवटी नानांनी स्वतःच्याच कपाळाला उलटा हात लावला. तेव्हा मला खरी भीती वाटली.

डबा उघडताना मी सोपानला हळूच म्हणाले, "सोप्या, आपल्या मळ्यातला हापसा आठवतो का? दांडा चोरीला गेला होता. खाली पाणी होतं, पण वर कोण ओढणार?"

नाना गर्रकन वळले. "काय म्हणालात?"

"काही नाही." मी डब्याचं झाकण लावलं.

"नाही, नाही! दांडा म्हणालात!" आणि ते हसायलाच लागले. "अरे सोपान, तुझ्या जुन्या पायाच्या पोटातच पंप होता. तो स्वतःच पाणी उचलून इंजिनाला द्यायचा. या नव्याला नुसती वाट आहे, ओढणारा नाही. ओढणारा वर इंजिनावर बसवायचा असतो. काठावर नळाच्या जोरानं पाणी चढत होतं. इथे कोणी पाजायला नाही! चहूकडे धरण आणि घसा कोरडा!"

मग नाना गावात गेले आणि एक पंप शोधून आणला. लोखंडी पट्टी वाकवून तो इंजिनाच्या पुढे बसवला, इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरेल असा. पायातून येणारी नळी पंपाला, पंपाची नळी इंजिनाला. संध्याकाळपर्यंत डबा तसाच राहिला.

रविवारी सकाळी दोघं बोट घेऊन निघाले. जागा देणारे साहेब काठावर घड्याळ बघत उभे. बोट वळणाआड गेली, आवाज येत राहिला आणि मग बंद झाला.

साहेब म्हणाले, "गेली वाटतं." मी वाद न घालता मनातच त्यांच्यापुढे तांब्या ठेवला.

आणि पुन्हा आवाज! बोट वळणातून बाहेर आली. सोपान उभा राहून दोन्ही हात हलवत होता. मी चारचौघांत ओरडले, "अरे, आधी सुकाणू धर!"

काठाला लागल्यावर विचारलं, "बंद का पडलं होतं?"

"पडलं नव्हतं, पाडलं," नाना म्हणाले. "हात लावून बघायला नको? काट्यावर माझा विश्वास नाही."

जागा सोपानकडेच राहिली. तो पायरीवर बसून एकदम हसायला आणि रडायला लागला. नाना बाजूला उन्हात उभे होते, ओठ सुकलेले. मी बाटली पुढे केली.

"मी प्यायलोय."

कुठून धीर आला कोण जाणे. मी म्हणाले, "कुठे प्यायलात? सकाळपासून बघतेय मी."

नाना बोटीकडे वळले. मग म्हणाले, "ते 'आधी पाणी द्यावं' माझं नाही हो. आमच्या हिचं. कामावरून तापून यायचो. मी तोंड उघडायच्या आत तांब्या पुढे. ती होती तोवर कधी मागावंच लागलं नाही. आता मागायला जातो आणि तोंडातून भलतंच निघतं."

मग त्यांनी बाटली घेतली आणि सगळी रिकामी केली.

तेव्हापासून संध्याकाळी त्यांच्या सायकलची घंटी ऐकू आली की मी त्यांच्या ओट्यावर तांब्या ठेवते, कडी वाजवते आणि पळते. थोड्या वेळानं तांब्या आमच्या दारात पालथा घातलेला असतो. बोलणं नाही.

काल मात्र कडी वाजली. दारात नाना, तांब्याला उलटा हात लावून उभे.

"आजचं जरा कोमट होतं," ते म्हणाले. "अजून एक मिळेल का?"