खुर्चीवर उभे राहण्याची पद्धत

कोणताही उद्योग सुरू करण्यापूर्वी माणसाला आधी स्वतः सुरू व्हावे लागते, हे आता सर्वमान्य झाले आहे. पूर्वी लोक थेट दुकान उघडून बसत आणि काय चुकते ते नंतर शिकत. या अशास्त्रीय क्रमामुळे किती दुकाने विनाकारण चालली, याची मोजदाद कोणीच केलेली नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, यांनी ही घाई टाळली. ते सोफ्याच्या कारखान्यात कारागीर होते. त्यांनी बांधलेली बैठक दुरुस्तीला परत येत नसे, अशी कारखान्याची तक्रार होती. नोकरी सोडून त्यांनी घराजवळ एक गाळा भाड्याने घेतला, त्यात कात्र्या, हातोड्या, कापडाचे तागे आणि काथ्याची पोती नेऊन रचली, आणि दुकान उघडायच्या आदल्या रविवारी सहज म्हणून उद्योजक घडणीच्या वर्गाला जाऊन आले. शटर तेव्हापासून खालीच राहिले. असे दोन वर्षे चालले. वर्गात याला पायाभरणी म्हणतात.

वर्ग एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर भरतो. (लिफ्ट आहे, पण ‘यशाला जिनाच लागतो’ अशी पाटी तिच्या दारावर लावली आहे. पाटीच्या कडेने ‘बिघाड’ ही जुनी अक्षरे अजून दिसतात.) वर्गाचे मार्गदर्शक सर अत्यंत कनवाळू गृहस्थ असून त्यांनी स्वतः एकही उद्योग केलेला नाही, त्यामुळे त्यांच्या विचारात कुठलीही कटुता नाही.

त्यांची पद्धत अशी. प्रत्येकाने खुर्चीवर उभे राहायचे आणि यश मिळून गेले आहे असे धरून आपली ओळख करून द्यायची. ‘होईन’ म्हणायचे नाही, ‘आहे’ म्हणायचे. भविष्यकाळ हा न्यूनगंडाचा काळ आहे, असे सर म्हणतात. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. भाऊजी पहिल्याच रविवारी एका शोरूमचे मालक झाले आणि पावसाळा संपेपर्यंत चार शोरूमवर गेले. त्यांच्या शेजारी विमान कंपनीचे मालक बसत. ते नेहमी उशिरा येत, कारण त्यांची बस चुकत असे.

एकदा चार शोरूम झाल्यावर पुढचे ओघानेच आले. चार शोरूमचा मालक जमिनीवर मांडी घालून कुणाच्या खुर्चीला खिळे ठोकत नाही. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई फाटलेल्या गादीचे बाकडे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “कधी उघडताय दुकान?” भाऊजींनी त्यांना हा प्रश्न किती संकुचित मनोवृत्तीतून येतो ते समजावून सांगितले. बाई बाकडे घेऊन परत गेल्या. नकारात्मक माणसांपासून दूर राहावे असा वर्गाचा नियम आहे. त्या यादीत डॉक्टरीणबाईंनंतर गाळ्याचा मालक आला आणि त्यानंतर माझी ताई. ताईपासून दूर राहणे जरा अवघड गेले, कारण घर दोन खोल्यांचे आहे.

ताई औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते आणि गाळ्याचे भाडे तिच्या पगारातून जाई. घरात ‘अडचण’ हा शब्द बंद झाला होता, त्या जागी ‘संधी’ म्हणायचे ठरले होते. ताईने ते लगेच उचलले. “गॅसची संधी आलीये. आणि बाथरूमच्या नळाला सकाळपासून संधीच संधी आहे,” असे ती भाजी चिरता चिरता सांगे. भाऊजींना तिची प्रगती पाहून बरे वाटे. मग एक दिवस ती सरळच म्हणाली, “या महिन्याअखेर शटर वर गेलं नाही, तर मी गाळा सोडतेय. सामान विकून टाकू. मला आता उभं राहवत नाही.” भाऊजी म्हणाले की उभे राहण्याचीच तर पद्धत आहे.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी वर्गात कुटुंबमेळावा होता. (टाळ्या कमी पडू लागल्या की तो घेतात.) ताई आली, मीही गेलो. विमान कंपनीचे मालक खुर्चीवर चढले, ‘मी आज’ एवढे म्हणाले आणि बैठक फाटून गुडघ्यापर्यंत आत गेले. शिकवणीप्रमाणे त्यांनी भाषण तसेच पुढे चालू ठेवले. त्यांना बाहेर काढल्यावर सरांनी खुर्च्या तपासल्या. बसण्यासाठी केलेल्या वस्तूवर वर्षानुवर्षे यशस्वी माणसे उभी राहिल्याने सगळ्याच बैठका खचल्या होत्या.

“आपल्यापैकी कोणाला खुर्ची दुरुस्त करता येते का?” सरांनी विचारले.

सभागृहात हॉटेले, कारखाने आणि जहाजे यांचे मालक ठासून भरले होते. एकही हात वर गेला नाही. भाऊजी आपल्या बुटांकडे बघत राहिले.

ताई उठली. “यांना येते,” ती म्हणाली. “सगळ्या पाठवून द्या गाळ्यावर.”

“म्हणजे तुम्ही... हातानं काम करता?” सरांनी फार हळुवारपणे विचारले. भाऊजींचे कान लाल झाले. मला त्यांची मनापासून कीव आली.

घरी परतताना ते म्हणाले, “चार शोरूमचा मालक होतो. एका वाक्यात कारागीर केलंस मला.”

“कारागीर होतात म्हणून तर हो म्हटलं होतं लग्नाला,” ताई म्हणाली. “मालकाला कोण विचारत होतं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्च्यांनी भरलेला टेम्पो गाळ्याच्या दारात उभा राहिला. शटर इतके गंजले होते की ओढायला आम्ही तिघे लागलो. भाऊजी बराच वेळ खुर्च्यांच्या ढिगापाशी नुसते उभे होते. मग त्यांनी एका बैठकीवर अंगठा दाबला. “कुणी बांधलीये ही? पट्टा ताणलाच नाहीये,” असे चिडून म्हणत ते खाली बसले, मूठभर बारीक खिळे तोंडात टाकले आणि एकेक ओठांवर आणून ठोकू लागले. या धंद्यात खिळे तोंडात धरावे लागतात, त्यामुळे दुपारपर्यंत कोणालाही प्रेरणा मिळाली नाही. ताई दारात थांबून पाहत होती. तिने डोळे पुसले आणि कामाला उशीर होतोय म्हणून निघून गेली.

त्याच आठवड्यात दवाखान्याचे बाकडेही आले. वर्गाने भाऊजींचे सभासदत्व रद्द केले, कारण नियमानुसार सभासद हा इच्छुक असावा लागतो. आपला एक गुणी सहकारी वाटेतच थांबला, असे सांगताना सरांचा आवाज जड झाला होता.

रिकामी झालेली जागा मी घेतली. भाऊजींच्या चारही शोरूम माझ्याकडे आल्या असून पाचवी मी गेल्या रविवारी उघडली. नोकरीत मन लागत नव्हते, ती सोडली. ताई त्याविषयी विचारते, म्हणून मी तिच्यापासून दूर राहतो. जेवायला तेवढा जातो.

हा मजकूर मी भाऊजींना वाचायला दिला होता. त्यांनी मानेनेच नाही म्हटले, तोंडात खिळे होते. तुम्ही मात्र हातातले काम बाजूला ठेवून शेवटपर्यंत वाचलात. वाचताना आपण यांच्यासारखे नाही असे वाटले असेल, आणि एवढे वाचून आपले बरेचसे काम झाले असेही आता वाटू लागले असेल. लक्षणे उत्तम आहेत. रविवारी या, खुर्च्या आता कितीही वेळ उभे राहिले तरी खचत नाहीत.