फळ्यावरचा भोंगा

लालबागच्या स्टॉपवर बसमधून उतरताच मनमोहन धैर्यवान यांना तुळशीदास दिसला. गोमती चाळीचा हा सेक्रेटरी सहसा कुणाची वाट बघत उभा राहत नसे. उभा राहिलाच, तर त्या माणसाचं काहीतरी बिनसलंय, असं चाळीत धरून चालत.

"या मास्तर, या," तुळशीदास म्हणाला. "अजिबात घाबरू नका."

मास्तर तोवर घाबरले नव्हते. आता घाबरले.

तसं घाबरायला त्यांना फारसं काही लागत नसे. घराणं गिरगावातलं, जुनं, तीन पिढ्या सरकारी कचेरीत मान खाली घालून बसलेलं. धैर्यवान हे आडनाव कुणीतरी पूर्वजाने कधीतरी कमावलं असणार; पण मनमोहनपर्यंत येता येता त्यातलं आडनाव तेवढं शिल्लक राहिलं होतं. ते कंडक्टरला घाबरत, पालीला घाबरत आणि पत्नी राजलक्ष्मी फार वेळ गप्प बसली तर तिलाही घाबरत. लालबागला शिकवायला ते आले तेही भीतीपोटीच. गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. सातवी-आठवीत शाळा सुटलेल्या गोमती चाळीतल्या काही कामगारांनी, हात रिकामे आहेत तर निदान मॅट्रिक तरी होऊ, म्हणून बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. त्यांना मराठीला मास्तर हवा होता. हेडमास्तरांनी विचारलं, "जाल का हो?" आणि नाही म्हणायची भीती वाटल्यामुळे धैर्यवान हो म्हणाले.

"झालंय काय?" आता त्यांनी विचारलं.

"काय नाय. लोक तुम्हाला शोधतायत."

"कोणते लोक?"

"सगळेच."

मास्तरांनी वळून बसकडे पाहिलं. बस पुढे चार पावलांवर थांबली होती. नाक्यावर एवढी माणसं जमली होती, की ती पुढेही जाऊ शकत नव्हती आणि मागेही. माणसांच्या पलीकडे पोलिसांची गाडी उभी होती.

"काल तुम्ही फळ्यावर लिवलंत ना," तुळशीदास म्हणाला, "त्याचं आहे हे सगळं."

मास्तरांना एकदम आठवलं. फळा!

चाळीच्या मंडळाच्या ज्या खोलीत वर्ग भरत असे तिथे फळा नव्हता. म्हणून चाळीच्या फाटकावरचा फळा काढून आणायचे. हा फळा साधासुधा नव्हता. 'उद्या पाणी येणार नाही', 'आज गेटवर सभा', 'अमक्याची आई वारली, अंत्ययात्रा चार वाजता' असं सगळं त्यावर लिहिलं जाई आणि अमुक गोष्ट 'फळ्यावर आली' म्हटल्यावर तिच्याबद्दल कुणी वाद घालत नसे. वर्तमानपत्र मालकाचं असू शकतं, रेडिओ सरकारचा असतोच, फळा आपला. एकदा चुकून 'पाणी येणार नाही' असं लिहिलं गेलं, तर नळाला धो धो पाणी आलं असतानाही कुणी भरलं नव्हतं.

काल त्या फळ्यावर मास्तरांनी अलंकार शिकवले होते. सुरुवात पुस्तकाप्रमाणे केली. 'तिचे मुख चंद्रासारखे' म्हणाले. त्यावर जगनने विचारलं, "म्हणजे तोंडावर खड्डे होते का मास्तर?" मग मास्तरांनी चंद्र आणि कमळ बाजूला ठेवून आजूबाजूची उदाहरणं घ्यायचं ठरवलं. आपल्या सुवाच्य अक्षरात त्यांनी तीन वाक्यं लिहिली:

रघूचा राग म्हणजे पेटलेली होळीच.

राधाबाईंच्या कोंबडीच्या सागुतीच्या वासाने राणीच्या बागेतले वाघ भिंत चढू लागले.

पहाटे गिरणीचा भोंगा हुंदका देऊन म्हणाला, "लेकरांनो, परत या."

पहिलं रूपक, दुसरी अतिशयोक्ती, तिसरी चेतनागुणोक्ती. अलंकाराचं नाव ते स्वतः कधी लिहीत नसत. ते विद्यार्थ्यांनी सांगायचं, ही त्यांची पद्धत. विद्यार्थ्यांनी अजून काही सांगितलं नव्हतं, तेवढ्यात बाहेरून मोर्चाच्या घोषणा ऐकू आल्या. मास्तर छत्री घेऊन जे निघाले, ते थेट बसमध्ये जाऊन बसले. फळा पुसायचा राहिला. जगनने तो नेऊन फाटकावर टांगला. मास्तरांचं एवढं सुंदर अक्षर पुसायला कुणाचा हात धजला नाही.

"अहो, ती उदाहरणं होती," मास्तर कळवळून म्हणाले.

"असतील. पण भोंगा झाला ना!"

"झाला?"

"पहाटे. दोन लांब, एक आखूड. धोंडूनं ऐकला."

"धोंडू? त्याला तर ऐकू येत नाही. तीस वर्षं मागांच्या आवाजात..."

"तेच तर!" तुळशीदास थांबून म्हणाला. "त्याला पण ऐकू आला! मग बाकीच्यांना पण आठवलं. आमच्या हिला तर हुंदकासुद्धा ऐकू आला."

पुढचं त्याने चालता चालता सांगितलं. भोंगा झाला म्हणून दहा-बाराजण गिरणीच्या दारावर बघायला गेले. दहा-बाराजण आले म्हणून वॉचमनने घाबरून आतून कडी घातली. बंद गिरणीला आतून कडी, म्हणजे आत काहीतरी चालू असणार, हे उघडच होतं. म्हणून शंभर गेले. शंभर गेले म्हणून पोलिसांची गाडी आली. पोलिसांची गाडी आल्यावर तर कुणाच्याच मनात शंका उरली नाही.

"कुणी कामावर जायला डबे भरायला घेतले," तुळशीदास म्हणाला. "कुणी त्या डबे भरणाऱ्यांना आडवे गेले. संप फुटला म्हणून बोंब झाली. आता अर्धे लोक बोलतात, मालकानं खास माणूस पाठवून फळ्यावर लिहून घेतलं."

"आणि बाकीचे अर्धे?"

"ते बोलतात, तो माणूस गिरगावचा आहे."

मास्तरांच्या हातातली छत्री आपोआप उघडली. ती बंद करायला त्यांना बराच वेळ लागला.

"तुळशीदास, मला वाटतं मी परवा येतो. राजलक्ष्मीला सकाळपासून कसंसंच होतंय."

"असं कसं मास्तर? मी तुमची बाजू घेतलीय ना! छाती ठोकून सांगितलं सगळ्यांना, आमचे मास्तर खोटं लिहिणार नाहीत. जे लिवलं ते खरंच असणार."

मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की दुसरा कुणी असता तर विरघळला असता.

"आणि रघू?" त्यांनी हळूच विचारलं.

रघू म्हणजे चाळीच्या संप कमिटीचा म्होरक्या. त्याला मास्तरांनी पाहिलं नव्हतं. वर्ग चालू असताना भिंतीपलीकडून फक्त ऐकलं होतं आणि तेवढ्यावर होळीचं उदाहरण सुचलं होतं.

"रघूनं सकाळी फळा वाचला," तुळशीदास म्हणाला. "पहिली ओळ वाचली, आणि कायच बोलला नाय. तवापासून गप्पच आहे. मला तर बाबा त्याचं लक्षण बरं वाटत नाय."

चाळीच्या चौकात पाय टाकायला जागा नव्हती. गॅलऱ्यांतून बाया वाकून बघत होत्या. मधोमध एक स्टूल ठेवलेलं होतं आणि त्याच्या बाजूला फळा टेकवलेला होता. स्टुलाशेजारी जो माणूस उभा होता तो रघूच असणार, हे मास्तरांना कुणी सांगावं लागलं नाही. पेटलेली होळी हे त्याचं वर्णन थोडं कमीच पडत होतं. अर्थात ते बोलून दाखवायची ही वेळ नव्हती.

"मास्तर, चढा," रघू म्हणाला.

मास्तर चढले. स्टूल थरथरू लागलं. स्टूल चांगलं होतं.

गर्दीत पुढेच त्यांचा वर्ग उभा होता. मास्तरांना जगन दिसला आणि बुडत्याला फळी दिसावी तसं झालं. "जगन, बाळा, सांग ना यांना! तू होतास ना वर्गात? मी काय शिकवत होतो?"

"खरं सांगू मास्तर?" जगन अवघडून म्हणाला. "तुम्ही खणखणीत वाचून दाखवलंत. आम्हाला वाटलं, आधी बातम्या सांगतायत, मग धडा घेतील. आणि धड्याच्या आधीच तुम्ही गेलात."

"आणि वाघ? भिंत चढणारे वाघ? तेही तुम्ही खरं मानलंत?"

"त्याचं काय?" मागून कुणीतरी म्हणालं. "राधाबाईंची सागुती तुम्ही खाल्ली नाय वाटतं."

हसू आलं नाही ते फक्त रघूला. "मास्तर, भोंग्याचं बोला," तो म्हणाला. "लेकरांनो परत या, असं कोन बोललं? मालकाचं पत्रक पण हेच बोलतं. तुमच्याकडं कुठनं आलं ते?"

मास्तरांना आपल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. मग लक्षात आलं, घड्याळ आज घरीच राहिलंय.

"तो अलंकार आहे," ते म्हणाले. आवाज अर्धाच निघाला. "चेतनागुणोक्ती. म्हणजे असं पहा, एखादी निर्जीव वस्तू माणसासारखी वागते, रडते, बोलते, अशी आपण कल्पना करायची. आता भोंगा निर्जीव. त्याला बोलता येत नाही. पण समजा बोलला तर काय म्हणेल, असं मी... नुसतं समजा हो. खरं काही नाही त्यात."

सगळं उलगडून सांगितल्यावर आता सुटका होईल, या आशेने त्यांनी गर्दीकडे पाहिलं. चेहरे निवळायच्या ऐवजी आवळले होते. गर्दीतून वाट काढत खानावळवाल्या राधाबाई पुढे आल्या.

"मास्तरानू, वायच थांबा. निर्जीव कोण?"

"भोंगा," मास्तर म्हणाले.

"माझो घोव तीस वर्सां तेच्याच हाकेन उठलो. मी हाक मारलंय तर कूस बदली. आता तुमीच सांगा, निर्जीव कोण?"

राधाबाईंचा नवरा गर्दीतच होता. त्याने खाली पाहिलं.

"आमचा बारका पहिल्या भोंग्याला जन्मला," गॅलरीतून एक बाई ओरडली. "पत्रिका त्याच्यावरच मांडलीय!"

"माझा बाप गेला तवा शेवटचं काय बोलला म्हायतीय? भोंगा झाला का रे, बोलला!"

"आणि हे निर्जीव बोलतात!"

आवाज चढू लागले. मास्तरांना काही समजेना. मघाशी भोंगा बोलला म्हटलं म्हणून ही माणसं चिडली होती. आता तो बोलू शकत नाही म्हटलं म्हणून जास्त चिडली. रघू एक पाऊल पुढे आला.

"मालक कोर्टात काय बोलतो, ठाऊक हाय मास्तर? गिरणी म्हणजे जागा, पत्रे आणि लोखंड. बाकी आत काय नाय. तुम्ही पण तेच बोलताय."

"नाही, नाही!"

"मग भोंगा जिवंत का निर्जीव? एक काय ते बोला."

संस्कृत आणि मराठी मिळून दोन हजार वर्षांचं अलंकारशास्त्र एका बाजूला होतं. दुसऱ्या बाजूला रघू होता, आणि तो जवळ होता.

"जिवंत!" मास्तर ओरडले. "माझी चूक झाली! ही चेतनागुणोक्ती नव्हेच. ही... ही स्वभावोक्ती आहे!"

"ती काय असते?"

"कुणी जसं वागतो, अगदी तसंच्या तसं, काही पदरचं न घालता सांगायचं. वासरू हुंदडतं, आई अंगाई गाते... तसा भोंगा हाक मारतो. त्याचा स्वभावच तो!"

चौकात कुजबुज झाली. स्वभाव हा शब्द सगळ्यांना पटल्यासारखा दिसला. राधाबाईंनी मान डोलावली. "ह्या बराबर," त्या म्हणाल्या. जगनने खिशातला कागद काढून 'स्वभावोक्ती' असं लिहूनसुद्धा घेतलं. परीक्षेत त्याचे गुण जाणार, हे मास्तरांना दिसत होतं, पण प्रत्येकाला आधी आपला जीव प्यारा असतो.

"म्हणजे भोंगा खरंच बोलला?" तुळशीदासने विचारलं.

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. हा माणूस आपली बाजू घेतोय, की घेऊन पळतोय?

उत्तर रघूने दिलं. "बोलला असंल," तो हळू म्हणाला. "त्याला पण वर्षभर कुणी हात लावला नाय. एकटाच हाय तिथं." मग त्याने घसा खाकरला. "पण बोलावलं म्हणून लगेच जायाचं नसतं. मास्तर, खडू घ्या. लिवा."

मास्तरांनी खडू घेतला. आदल्या दिवशी सुवाच्य असलेलं अक्षर आज मुंगीने शाईत पाय बुडवून चालावं तसं येत होतं. रघू सांगत गेला आणि चौक ऐकत राहिला.

"भोंग्यास कळविण्यात येते की, तुझी हाक पोचली. आमच्या मागण्या मान्य झाल्या की त्याच दिवशी येतो. तोवर रडू नको. आमची बायकामुलं पण धीर धरून हायत."

शेवटच्या वाक्याला गॅलरीत एका बाईने पदर तोंडाशी नेला. भोंग्याला धाडलेल्या निरोपाची बातमी नाक्यावर पोचली आणि तिथली गर्दी पांगायला लागल्याचं ऐकू आलं. बस सुरू होऊन पुढे गेली. आपण मार न खाता घरी जाणार, असं मास्तरांना पहिल्यांदाच वाटलं. त्या आनंदात त्यांच्या तोंडून, केवळ सवयीने, वर्गातला प्रश्न निसटला.

"हं, आता सांगा बरं, हा कुठला अलंकार?"

विचारल्याबरोबर त्यांनी जीभ चावली. सगळा चौक त्यांच्याकडे बघत होता. रघूने फळ्यावरची अक्षरं पुन्हा एकदा, एकेक शब्दावर बोट ठेवून वाचली.

"अलंकार-बिलंकार नाय मास्तर," तो म्हणाला. "ह्याला आमच्यात ठराव म्हणतात. मंजूर असंल त्यांनी हात वर करा!"

चौकातले, जिन्यातले, गॅलऱ्यांतले सगळे हात वर गेले. रघूचा आवाज एवढा अचानक आणि एवढ्या जवळून आला होता, की स्टुलावर उभ्या मास्तरांनी खडू टाकून दोन्ही हात वर केले.

ठराव हजर माणसांपेक्षा एक मत जास्त पडून मंजूर झाला.